कन्सल्टंटच्या ओळखीने आलेलं ऑडिट : हितसंबंध जाहीर करायचे की नाही?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. इथे क्वालिटीवाले, कारखानदार, सीए बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी आयएसओ ९००१ (गुणवत्ता) आणि २२००० (अन्नसुरक्षा) या स्टँडर्डची सर्टिफिकेशन ऑडिट करतो. पगारी नोकरी नाही. एका सर्टिफिकेशन बॉडीच्या (पुढे नुसतं सीबी म्हणतो) पॅनेलवर आहे. जेवढे मॅनडे (ऑडिटचे दिवस) मिळतील तेवढे पैसे. प्रत्येक ऑडिटच्या आधी आम्हाला एक जाहीरनामा भरून द्यावा लागतो. या क्लायंटला गेल्या दोन वर्षांत सल्ला दिलाय का, तिथे नोकरी केलीय का, त्यांचं इंटर्नल ऑडिट करून दिलंय का, घरचं कुणी तिथे आहे का, शेअर आहेत का. सगळीकडे 'नाही' लिहायचं आणि सही करायची.

आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आंबा पल्प युनिटचं रिसर्टिफिकेशन माझ्याकडे आलंय. मालकांना मी ओळखत नाही, युनिट कधी पाहिलेलं नाही. पण तिथला कन्सल्टंट माझा जुना सहकारी आहे आणि आम्ही दोघे मिळून इंटर्नल ऑडिटरचे कोर्स घेतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोकण आणि कोल्हापूर पट्ट्यातली आमच्या सीबीची बरीचशी कामं तोच आणतो. कोटेशन तोच मागवतो, तारखा तोच ठरवतो, 'या वेळी अमुक ऑडिटर पाठवा' हेही कधीकधी तोच सुचवतो. त्याच्या एखाद्या युनिटला मी मेजर एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे अट न पाळल्याची गंभीर नोंद; किरकोळ असेल तर मायनर) दिली, तर कुणी मला धमकी देणार नाही, वाकडा शब्दही बोलणार नाही. पुढच्या हंगामात फोन येणार नाही, एवढंच.

जाहीरनाम्यात यासाठी रकानाच नाही. मी तरी खाली चार ओळी लिहून पाठवल्या. प्लॅनिंगकडून उत्तर आलं, 'क्लायंटशी तुमचा संबंध नाही ना? मग काही अडचण नाही.'

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे लहान-मध्यम उद्योगांत सीबीचं खरं गिऱ्हाईक कारखानदार नसतोच, कन्सल्टंट असतो. आणि निःपक्षपातीपणाचे आपले सगळे कागद मात्र कारखानदारावर नजर ठेवून बनवलेले आहेत. तुमचे अनुभव सांगा. मी हे ऑडिट घ्यावं की नाही, तेही सांगा.

नवखी_लीड

दादा, मी नुकताच लीड ऑडिटरचा कोर्स केलाय. सीबींसाठीच्या १७०२१ या स्टँडर्डमध्ये कन्सल्टंटबद्दल नक्की काय आहे? कोर्समध्ये अर्ध्या तासात उरकलं.

घाटमाथा

@नवखी_लीड, आयएसओ १७०२१-१ ची चालू आवृत्ती २०१५ ची. कलम ४.२ मध्ये तत्त्व आहे आणि ५.२ मध्ये अटी. तत्त्वातच मोकळेपणाने मान्य केलंय की सीबीला पैसे क्लायंट देतो आणि हाच निःपक्षपातीपणाला संभाव्य धोका आहे. धोके चार सांगितलेत : स्वतःचा फायदा, स्वतःच्याच कामाची तपासणी, अतिपरिचय किंवा अतिविश्वास, आणि दडपण.

५.२ मधल्या अटी कडक आहेत. सीबीने स्वतः कन्सल्टन्सी करायची नाही. एखाद्या क्लायंटचं इंटर्नल ऑडिट करून दिलं असेल तर ते संपल्यापासून किमान दोन वर्षं त्याला सर्टिफिकेट द्यायचं नाही. कन्सल्टन्सी फर्मला ऑडिटचं काम आउटसोर्स करायचं नाही. ज्या माणसाने सल्ला दिला त्याला त्या क्लायंटच्या ऑडिटला पाठवायचं नाही, इथेही किमान दोन वर्षं. आणि 'अमक्या कन्सल्टंटकडून या, म्हणजे सर्टिफिकेट सोपं, लवकर किंवा स्वस्तात होईल' असं सांगायचं नाही, सुचवायचंही नाही.

ही शेवटची अट नीट वाच. सीबीने तसं म्हणायचं नाही, हे लिहिलंय. कन्सल्टंट तसं म्हणाला तर सीबीने पाऊल उचलायचं, हेही लिहिलंय. पण कन्सल्टंटच्या जिवावर सीबीचा धंदा चालत असेल तर पाऊल उचलणार कोण?

पिरंगुटकर

चांगला धागा. मी ऑटो पार्टसमध्ये क्वालिटी बघतो, आमचं आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता स्टँडर्ड). आमच्याकडे नियम सरळ आहे : ऑडिटच्या वेळी क्लायंटचा कन्सल्टंट साइटवर हजर राहूच शकत नाही आणि कुठल्याही प्रकारे ऑडिटमध्ये भाग घेऊ शकत नाही. १७०२१ मध्ये तो निरीक्षक म्हणून बसू शकतो, फक्त ढवळाढवळ करायची नाही.

हा फरक किती मोठा आहे ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आमच्या एका सप्लायरचं ९००१ चं ऑडिट होतं, मी तिथे ग्राहकाच्या वतीने गेलो होतो. ऑडिटरने सुपरवायझरला विचारलं, रिजेक्शन वाढलं तेव्हा काय केलंत? सुपरवायझर तोंड उघडायच्या आत कन्सल्टंटने फाइल उघडून टेबलावर ठेवली. सुंदर करेक्टिव्ह अ‍ॅक्शन रिपोर्ट, फिशबोन, फाइव्ह व्हाय, सगळं. ऑडिटरने नंबर लिहून घेतला आणि पुढे गेले. तो सुपरवायझर त्या रिपोर्टकडे पहिल्यांदाच बघत होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऑडिटर त्याच्याकडे बघत नव्हते, फाइलकडे बघत होते.

तुमच्या प्रश्नाला उत्तर : ऑडिट घेऊ नका. घेतलंच तर कन्सल्टंटला बाहेर बसवा.

काजूबाग

मी क्लायंटच्या बाजूने बोलते, कारण इथे सगळे ऑडिटरच दिसताहेत. सिंधुदुर्गात आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. बाहेरच्या खरेदीदाराने २२००० मागितलं म्हणून केलं. कन्सल्टंटशिवाय आम्ही हे कसं करणार होतो, सांगा ना. घरात कुणी फूड टेक्नॉलॉजी शिकलेलं नाही. ते आले, हॅसॅप (अन्नातले धोके ओळखून आवरायची पद्धत) म्हणजे काय ते समजावलं, रेकॉर्ड बनवून दिले. सीबीसुद्धा त्यांनीच आणली. 'सर्टिफिकेटसकट एवढे' असा एकच आकडा सांगितला. चार सीबींची कोटेशनं मागवायची असतात हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

आणि ऑडिटरांबद्दल एक तक्रार. मेटल डिटेक्टरवरून आम्हाला मायनर लागली. मी विचारलं, सर, मग नेमकं काय करू? तर म्हणाले, मी सांगू शकत नाही, नियम आहे. मला वाटलं भाव खाताहेत. ज्याला येतं तो सांगत नाही आणि ज्याला पैसे दिले त्याचा फोन लागत नाही, अशी आमची गत.

घाटमाथा

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एनसीचं कारण काय आणि उपाय काय, हे ऑडिटरने सुचवू नये असं स्टँडर्डमध्येच आहे. उद्या मी सांगितलेला उपाय तुम्ही केलात आणि पुढच्या वर्षी मीच तो तपासायला आलो, तर मी माझंच काम तपासणार. तो चुकीचा असला तरी चुकीचा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

पण याचा अर्थ तोंडाला कुलूप लावून बसायचं असा नाही. अट काय आहे, ती का आहे, हे समजावणं कन्सल्टन्सी नाही. तुमचंच उदाहरण घेऊ. समजा चाचणीचे तुकडे, फेरस, नॉन-फेरस आणि स्टेनलेस, दर तासाला मशीनमधून काढायचे असं तुमच्याच प्लॅनमध्ये लिहिलंय, आणि सकाळी अकरा वाजता मी आलो तर रजिस्टरमध्ये दुपारी चारपर्यंतच्या नोंदी भरलेल्या. मी सांगू शकतो, आणि मी म्हणेन सांगायलाच हवं, की ही तपासणी तासाला का करतात : एखादी चाचणी फेल गेली तर आधीच्या चांगल्या चाचणीपासूनचा सगळा माल अडवता यावा म्हणून. नोंद आधीच भरली तर कुठला माल अडवायचा तेच कळणार नाही. हे ऐकल्यावर तुम्हाला उपाय सुचतो. 'या बाईंना काढा, त्यांना बसवा, हा फॉरमॅट वापरा' हे मात्र मी सांगणार नाही.

तुमच्या ऑडिटरने पहिली अर्धी गोष्टही सांगितली नसेल तर त्यांचं चुकलं.

काजूबाग

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद. (आमच्या नोंदी आधी भरलेल्या नव्हत्या हो, तुकड्यांचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट संपलं होतं.)

दस्तऐवज

मी कन्सल्टंट आहे. धागा वाचून वाईट वाटलं, पण राग नाही. धागाकर्त्यांचं निदान बरोबर आहे, ते एकाच बाजूला ढकलू नका एवढं सांगतो.

एकच आकडा सांगायचा दबाव क्लायंटकडूनच येतो. मी सुरुवातीला सीबीची फी वेगळी आणि माझी वेगळी अशी कोटेशनं देत होतो. समोरचा म्हणायचा, ते मला काही कळत नाही, हातात सर्टिफिकेट पडेपर्यंत किती? मी वेगळं सांगितलं की काम दुसऱ्याकडे जायचं. मग सीबीची फी माझ्या बिलात आली. ती माझ्या बिलात आली की सीबी मला दर पाडून देते, कारण मी वर्षाला इतकी कामं देतो. आणि दर पाडला की मॅनडे कुठूनतरी वाचवावे लागतात. कोणी ठरवून बेइमानी केली नाही तरी गाडी तिथेच येते.

आता मी कोटेशनमध्ये लिहून देतो : सीबी क्लायंटने निवडायची, करार क्लायंट आणि सीबीमध्ये थेट, पैसे थेट, सर्टिफिकेट न मिळाल्यास माझी फी परत नाही आणि मिळाल्यास जादा नाही. कामं कमी झाली. पण आलेले क्लायंट टिकतात.

पिरंगुटकर

@दस्तऐवज, मॅनडेचं बोललात ते लाखमोलाचं. बाहेरच्यांसाठी सांगतो. किती माणसांमागे किती दिवस ऑडिट करायचं याचा सीबींना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या जागतिक संघटनेचा, आयएएफचा, तक्ता आहे, एमडी ५. ९००१ च्या पहिल्या ऑडिटला ११ ते १५ माणसं असतील तर अडीच दिवस, ४६ ते ६५ असतील तर ५ दिवस. कारणं लिहून कमी करता येतात, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे दिवस कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे माणसंच कमी दाखवायची. कंत्राटी कामगार गाळले, रात्रपाळी गाळली, ६० चे १४ झाले. सर्टिफिकेटवर हे कुठेच दिसत नाही. ज्याने अडीच दिवसांत पाच दिवसांचं काम करायचं तो ऑडिटर देवमाणूस असला तरी काय बघणार?

निःपक्षपातीपणावर बोलताना सगळे ऑडिटरच्या चारित्र्यावर बोलतात. मला विचाराल तर तो कोटेशनच्या दिवशीच पणाला लागलेला असतो.

नवखी_लीड

+१. हे कोर्समध्ये कुणीच सांगत नाही.

सीए_अण्णा

आमच्या व्यवसायातून थोडं. हे सगळे आजार आम्ही आधी भोगलेत. २००९ मध्ये सत्यम कंपनीचा हिशेब घोटाळा उघडकीला आला आणि कंपनी कायदा २०१३ मध्ये त्यातलं बरंच उतरलं. कलम १४४ : वैधानिक ऑडिटरने त्याच कंपनीला हिशेब लिहून देणं, इंटर्नल ऑडिट, व्यवस्थापन सेवा वगैरे द्यायच्या नाहीत. कलम १३९ : लिस्टेड आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत व्यक्ती असेल तर सलग पाच वर्षं, फर्म असेल तर पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती, मग पाच वर्षं विश्रांती.

पण मला तुमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती कलम १४० ची. मुदत संपायच्या आधी ऑडिटरला काढायचं असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि विशेष ठराव लागतो. म्हणजे नकोसं लिहिलं म्हणून उठून उद्या दुसरा आणता येत नाही. तुमच्याकडे काय आहे?

घाटमाथा

अण्णा, आमच्याकडे ट्रान्सफर आहे, म्हणजे चालू सर्टिफिकेट दुसऱ्या सीबीकडे नेणं. त्याला नियम आहेत, एमडी २ म्हणून : सस्पेंड झालेलं सर्टिफिकेट ट्रान्सफर होत नाही, उघड्या मेजर आधी बंद व्हायला हव्यात, नव्या सीबीने जुने रिपोर्ट बघायचे. पण 'ऑडिटर फार खोलात जातो' म्हणून मुदतीच्या शेवटी सीबी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. ट्रान्सफर न म्हणता नवीन सर्टिफिकेशन म्हणूनच अर्ज केला तर जुन्या एनसी विचारायचंही कुणाला बंधन राहत नाही.

म्युनिकवासी

ट्रान्सफरवरून आठवलं. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला खाणीच्या गाळाचं धरण फुटून २७० माणसं गेली. त्याच्या काही महिने आधीच, सप्टेंबर २०१८ मध्ये, धरण स्थिर असल्याच्या दाखल्यावर सही झाली होती. त्याआधीच्या सल्लागार कंपनीने सही करायला नकार दिला होता, तेव्हा खाण कंपनीने दुसरी कंपनी आणली. तो व्यवस्थापन प्रणालीचा दाखला नव्हता, अभियांत्रिकी दाखला होता. पण नकार देणारा बदलता येतो, हे दुखणं तेच.

मी इथे मेडिकल डिव्हाइसमध्ये आहे. आमच्याकडे नियम कडक झाले ते पीआयपी प्रकरणानंतर. फ्रान्समधली ही कंपनी स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरत होती. वर्षानुवर्षं ऑडिट होत होती आणि सगळी आधी कळवून. ऑडिटर यायच्या आधी औद्योगिक सिलिकोनचा माल आणि त्याचे कागद हलवले जायचे. २०१० मध्ये फ्रेंच नियामकाच्या तपासणीत ते बाहेर आलं. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की त्या वेळच्या कायद्यात तपासणी संस्थेवर अचानक भेटीचं सर्वसाधारण बंधन नव्हतं, पण काही गडबड असल्याची चिन्हं दिसली तर हात बांधून बसता येणार नाही.

आता युरोपच्या २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस कायद्यात पाच वर्षांत किमान एकदा न कळवता ऑडिट सक्तीचं आहे. आणि एक लीड ऑडिटर एकाच उत्पादकाकडे सलग तीन वर्षांपेक्षा जास्त जात नाही. घाटमाथा, तुमच्याकडे रोटेशन आहे का?

घाटमाथा

नुसत्या २२००० ला वर्षांचा आकडा नाही, सीबीने आपला धोका ओळखून ठरवायचं. एफएसएससी २२००० (२२००० वर आधारलेली, जादा अटींची योजना) मध्ये आहे : एका साइटवर एका ऑडिटरने तीन वर्षांची दोन आवर्तनं, त्याहून जास्त नाही. तीन वर्षांत किमान एक ऑडिट न कळवता, हेही आहे.

पण बघा, ऑडिटर फिरवला, सीबीही बदलली, तरी कन्सल्टंट तोच राहतो. फिरवाफिरवीने क्लायंटशी जडलेली ओळख तुटते. ज्याच्या हातात माझं पुढचं काम आहे त्याच्याशी असलेली ओळख तुटत नाही.

साबरमती_काठ

अहमदाबादहून लिहितेय. तुमचा प्रश्न 'काम कोण देतं आणि पैसे कोण देतं' हा आहे, आणि त्यावर नेमका आमच्या गुजरातमध्ये प्रयोग झालाय.

इथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ पर्यावरण ऑडिट सक्तीचं झालं. ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा, पैसे त्यानेच द्यायचे. २००९ पासून दोन वर्षं एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर अभ्यास केला. त्यातल्या काहींसाठी पद्धत बदलली : ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवायचा, पैसे मध्यवर्ती निधीतून, ठरावीक दराने, आणि काही ठिकाणी दुसऱ्या पथकाने जाऊन तीच मोजमापं पुन्हा घ्यायची. दुसऱ्या वर्षी अचूक आकडे देणाऱ्याला जादा मोबदला.

जुन्या पद्धतीच्या रिपोर्टांत काय दिसलं माहितेय? चिमणीतल्या धुळीचे आकडे मर्यादेच्या जरासे खाली येऊन गर्दी करत होते. खरोखर मोजल्यावर ते सगळीकडे पसरलेले होते, कितीतरी मर्यादेच्या वर. नव्या पद्धतीत नियमात बसत नसलेल्या कारखान्याला 'बसतो' म्हणण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०१५ मध्ये गुजरातने ऑडिटर यादृच्छिक पद्धतीने नेमायचा मार्ग धरला.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ऑडिटर बाहेरून नवे आणलेले नव्हते. माणसं त्याच वर्तुळातली, फक्त त्यांचं पोट कुणाच्या हातात आहे ते बदललं.

पिरंगुटकर

साष्टांग. हे छापून आमच्या ऑफिसात लावतो.

दस्तऐवज

@साबरमती_काठ, उत्तम माहिती. पण ते सरकारी सक्तीचं ऑडिट होतं, निधी उभा करायला मंडळ होतं. आयएसओ ऐच्छिक आहे. इथे क्लायंटचे पैसे गोळा करून ऑडिटर वाटून द्यायचे कुणी? एनएबीसीबी? ते सीबींना अ‍ॅक्रेडिटेशन देतात, धंदा वाटून देणं त्यांचं काम नाही.

साबरमती_काठ

बरोबर आहे, जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण पूर्ण योजना नसली तरी तुकडे घेता येतील की. क्लायंट कुणी आणला हे सीबीने नोंदवावं आणि त्या कन्सल्टंटच्या कामांवर ऑडिटर फिरता ठेवावा. ऑडिटर सुचवायचा हक्क कन्सल्टंटला अजिबात नको. याला सरकार कशाला हवं?

वऱ्हाडी_कापूस

आमच्याकडली गोष्ट सांगतो. यवतमाळकडे सेंद्रिय कापसाचे शेतकरी गट आहेत. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था) एनपीओपी या सेंद्रिय शेतीच्या कार्यक्रमात एकेका शेतकऱ्याचं नाही, गटाचं सर्टिफिकेशन होते. गटाची आपली अंतर्गत नियंत्रण व्यवस्था असते, तिनं सगळे शेतं तपासायचे, आणि सीबी येऊन त्यातले काही निवडून बघते. आता हे अंतर्गत व्यवस्था चालवाचा खर्च शेतकऱ्याजवळ कुठून येईन? मंग कंपनी येते. तीच खर्च करते, तीच रजिस्टर लिहिते, तीच सीबी आणते आणि कापूसही तीच घेते. शेतकऱ्याले फक्त अंगठा माहीत. काही गटांत तर आपलं नाव यादीत हाय हेच शेतकऱ्याले माहीत नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं अपेडासंगची मान्यतेची व्यवस्था थांबवतो म्हणून जाहीर केलं. म्हणजे आपल्या भरवशावर दिलेलं सर्टिफिकेट तिकडे चालेनासं झालं, तिकडच्या मान्यतेच्या संस्थेकडून वेगळं घ्या लागते. भुर्दंड कोणाले? जो खरंच शेणखत टाकून कापूस पिकवते त्याले. २०२५ च्या नव्या एनपीओपी नियमांत गटाले स्वतःची कायदेशीर ओळख पाहिजे असं आलं. चांगलं झालं, पण कागदावर ओळख आली म्हणून रजिस्टर शेतकऱ्याच्या घरी आलं असं नाही.

तुम्ही 'खरं गिऱ्हाईक कोण' म्हणता ना दादा, आमच्याकडे ते असं हाय.

काजूबाग

वऱ्हाडी दादा, वाचून गलबलून आलं. आमचीही रजिस्टरं पहिलं वर्षभर कन्सल्टंटच्या लॅपटॉपवरच होती.

नवखी_लीड

एक साधा प्रश्न विचारू? ऑडिटला गेल्यावर जेवण, भेटवस्तू याचं काय करता? हापूसच्या दिवसांत रत्नागिरीला जाणार तर पेटी मिळणारच. नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं.

घाटमाथा

साधा नाही, रोजचा प्रश्न आहे. मी असं करतो : कामगार किंवा स्टाफ कँटीनमध्ये जे खातात ते मीही खातो. बाहेर हॉटेलात नाही. पेटीचं ओपनिंग मीटिंगमध्येच सांगून टाकतो, सगळ्यांसमोर, हसतमुखाने, की आमच्या सीबीचा नियम आहे आणि पेटी घेतली तर मला लेखी कळवावं लागतं. शेवटी सांगितलं तर अपमान वाटतो, सुरुवातीला सांगितलं तर नियम वाटतो. आणि गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे ठेवत नाही, कारण पेटी हातात कुणी देत नाही, डिकीत ठेवतात. घरी गेल्यावर कळतं.

कोकणातल्या माणसाने पेटी दिली म्हणजे लाच दिली असं मी मानत नाही. त्याच्याकडे पाहुणा आला की तो देणारच. पण क्लोजिंग मीटिंगला मेजर वाचून दाखवताना समोरच्याच्या मनात 'पेटी घेऊन असं करतो' हा विचार यायला नको, आणि माझ्या मनात तर नकोच नको.

पिरंगुटकर

क्लोजिंग मीटिंगचं निघालं म्हणून. 'सर, मेजरची मायनर करा' आता कुणी फारसं म्हणत नाही. आता म्हणतात, 'ओएफआय मध्ये टाका, आम्ही करतोच.' सुधारणेची संधी! तिला उत्तर द्यायची सक्ती नाही, पुढच्या वर्षी बंद झाली का ते बघायची सक्ती नाही. आणि १७०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जी एनसी आहे ती ओएफआय म्हणून नोंदवायची नाही. सीबीच्या टेक्निकल रिव्ह्यूअरने फक्त ओएफआयची यादी वाचली तरी कुठला ऑडिटर दबला ते कळेल. निर्णय घेणारा माणूस ऑडिट करणाऱ्यापेक्षा वेगळा असलाच पाहिजे, ही अट त्यासाठीच आहे ना?

घाटमाथा

अगदी. पण रिव्ह्यूअरपुढे येतो तो मी लिहिलेला रिपोर्ट. मी जे लिहिलंच नाही ते त्याला कसं दिसणार? साबरमतीताईंनी सांगितलेली पुन्हा मोजणी म्हणूनच महत्त्वाची. आमच्याकडे विटनेस ऑडिट असतं, त्यात अ‍ॅक्रेडिटेशनवाले बरोबर येतात, पण तेही आधी कळवून, आणि त्या दिवशी प्रत्येक जण पुस्तकी वागतो.

सीए_अण्णा

मूळ प्रश्न राहिला. ऑडिट घेताय की नाही?

घाटमाथा

नाही घेत, अण्णा. पण नुसतं 'जमणार नाही' म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला पाठवून विषय संपला असता, म्हणून सीबीच्या निःपक्षपातीपणाच्या समितीच्या सचिवांना पत्र लिहिलं. २०१५ च्या आवृत्तीत समितीच हवी असं बंधन राहिलेलं नाही, पण हितसंबंधी लोकांशी सल्लामसलत हवीच, आणि आमच्या सीबीने समिती ठेवलीय. इथे बऱ्याच जणांनी व्यनि करून मजकूर मागितला म्हणून मुख्य भाग देतो :

'सदर क्लायंटशी माझा कोणताही संबंध नाही. मात्र त्यांचे सल्लागार व मी एकत्र प्रशिक्षण वर्ग घेतो व त्यातून मला उत्पन्न मिळते. तसेच गेल्या काळात मला दिलेल्या ऑडिटपैकी बरीच या सल्लागारांमार्फत आलेल्या क्लायंटची आहेत. माझ्या मते हा स्वतःच्या फायद्याचा व अतिपरिचयाचा धोका आहे. या ऑडिटसाठी दुसरा ऑडिटर नेमावा, व याच सल्लागारांमार्फत आलेल्या क्लायंटच्या माझ्या मागील ऑडिट रिपोर्टांचे स्वतंत्र पुनरावलोकन करावे. जाहीरनाम्यात "क्लायंट कोणामार्फत आला" व "त्या व्यक्तीशी आपला आर्थिक संबंध आहे का" हे दोन प्रश्न वाढवावेत, अशी विनंती.'

मागच्या रिपोर्टांचं पुनरावलोकन मी मुद्दाम मागितलंय. त्यांत काही लपवलंय म्हणून नव्हे. मी स्वतः 'नाही लपवलं' म्हणून काही उपयोग नाही, म्हणून.

दस्तऐवज

हे पत्र वाचून तुमचा तो सहकारी दुखावेल. सांगितलंत का त्याला?

घाटमाथा

पत्र पाठवायच्या आधी फोन केला होता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कोर्स बंद करायचे का? मी म्हटलं, कोर्स चालू ठेवू, तू आणलेल्या युनिटांना मी जाणार नाही. त्याने अजून हो-नाही सांगितलेलं नाही.

काजूबाग

आमचं सर्व्हेलन्स (सर्टिफिकेटनंतरचं दरवर्षीचं ऑडिट) पुढच्या महिन्यात आहे. क्लायंट म्हणून मी यातलं काय करू शकते? सोपं सांगा.

घाटमाथा

ताई, तुमच्या हातात वाटतं त्याहून जास्त आहे. ऑडिट टीमची नावं आधी कळवणं सीबीवर बंधनकारक आहे, तुम्ही मागितलीत तर त्यांची पार्श्वभूमीही द्यावी लागते, आणि हरकत घ्यायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. सीबीला थेट मेल करा, कन्सल्टंटमार्फत नको. विचारा : ऑडिटर कोण, आमच्या कन्सल्टंटशी त्यांचा काही व्यवहार आहे का, आणि मॅनडे काढताना किती माणसं धरलीत. करार तुमच्या नावावर आहे की कन्सल्टंटच्या, तेही बघून घ्या. उत्तर नाही आलं तर सीबीकडे तक्रार, तिथेही नाही तर एनएबीसीबीकडे, सर्टिफिकेटवर त्यांचं चिन्ह असेल तर.

काजूबाग

मेल केला. माणसं १८ धरलीत असं उत्तर आलंय. हंगामात आमच्याकडे सोलणीला ५० च्या वर बायका असतात. आता पुढे काय लिहू?

पिरंगुटकर

खरा आकडा, पाळीवार आणि महिन्यावार, मस्टरच्या प्रतीसकट पाठवा. दिवस वाढतील, फीही वाढेल, त्याची तयारी ठेवा. आणि ऑडिट शक्यतो सोलणी चालू असतानाच लावून घ्या.